पोसिडोनियाचा उत्सव आणि कास्तेलोरिझोचे मंडळ

परमुलुखात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या समाजाचे एखादे मंडळ दृष्टीस पडले, की अर्वाचीन ग्रीक कवी कवाफी (१८६३–१९३३) याच्या ‘पोसिडोनियावासी’ या कवितेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९०६ साली लिहिलेली ही कविता कवीने हयातीत प्रसिद्ध केली नाही. पोसिडोनिया ही दक्षिण इटलीतील जुनी ग्रीक वसाहत. परकीयांत शतकानुशतके मिसळून तेथील लोक आपली भाषा विसरले. उरला तो एक ग्रीक उत्सव. उत्सवाच्या अखेरीस जुन्या चालीरीतींच्या गोष्टी निघत, ग्रीक नावे उच्चारली जात, परंतु ती ओळखणारे थोडेच असत. म्हणून उत्सवाची सांगता नेहमी विषादात होई.

या कवितेकडे अशा मंडळांवरील मृत्युलेख म्हणून पाहण्याकडे वाचकाचा सहज कल होतो. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते.

कवितेच्या माथ्यावर कवाफीने अथीनियस या प्राचीन ग्रंथकाराचा उतारा दिला आहे. त्यातील उद्गार वस्तुतः ॲरिस्टॉक्सिनस या संगीतशास्त्रज्ञाचे. नाट्यगृहांतील संगीत भ्रष्ट झाले असता आपण मोजके लोक एकत्र बसून पूर्वीचे संगीत आठवतो, ते त्या पोसिडोनियावासीयांप्रमाणेच, असा त्याचा आशय. म्हणजे हा दृष्टान्त मुळात जाणकारांच्या बैठकीसाठी योजलेला होता. मूळ उताऱ्यातील लोक रडत परततात. कवाफीने कवितेत अश्रू गाळले व केवळ विषाद ठेवला. आपण एकेकाळी ग्रीक होतो ही आठवण, आणि आज रानटी लोकांसारखे जगतो-बोलतो ही बोच, दोन्ही त्याने त्या लोकांच्याच मनात ठेवल्या. हा निवाडा बाहेरचा कोणी देत नाही. कवी स्वतः अलेक्झांड्रियातील ग्रीक वस्तीत जन्मला, बालपणाची काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिला. या दुःखाला तो परका नव्हता.

आता कवितेशेजारी एक प्रत्यक्ष उदाहरण ठेवू. कास्तेलोरिझो हे तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवरील ग्रीक बेट. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे ९,००० लोक राहत. आज पाचशे-सहाशे राहतात. बेटावर आधी फ्रेंच व मग इटालियन अंमल आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, रहिवाशांना बेट सोडावे लागले. १९४५ साली परतणाऱ्या निर्वासितांच्या ‘एम्पायर पेट्रोल’ जहाजास आग लागून ३३ जण दगावले. तत्पूर्वीच अनेक कुटुंबे ऑस्ट्रेलियात गेली होती. पर्थ येथे १९१२ साली व मेलबर्न येथे १९२५ साली या बेटकऱ्यांची मंडळे स्थापन झाली. त्यांचे वंशज स्वतःस ‘कॅझी’ म्हणवतात. हे नाव बेटावरचे नव्हे. ते ऑस्ट्रेलियात, इंग्रजी वळणाने घडले आहे. पोसिडोनियात जुनी नावे अनोळखी झाली. येथे जुन्या नावाने नवे रूप घेतले. बेटावरील संत कॉन्स्टंटाइन व हेलन यांच्या चर्चचे खांबही समोरच्या किनाऱ्यावरील पतारा येथील अपोलोच्या मंदिरातून आणलेले आहेत. पर्थमध्ये याच संतांच्या नावे चर्च आहे. वारसा असा हात बदलतच पुढे जातो.

कवितेत जे नाही, ते येथे दिसते. कवितेतील उत्सव जणू आपोआप घडतो. वर्गणी कोणी जमवली, स्वयंपाक कोणी केला, मुलांना नाच कोणी शिकवला, यांचा तेथे उल्लेख नाही. मंडळ म्हणजे मुख्यतः हीच कामे. ज्याने स्वतः खुर्च्या मांडल्या आहेत, त्याच्या लेखी उत्सव केवळ गतकाळचा राहत नाही. कवितेची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि कवीचा एक बोल मंडळास टाळता येत नाही. आपुलकी मंडळात टिकते. भाषा तेवढ्याने टिकत नाही. नाव मोठ्याने घेता येणे निराळे व ते ओळखता येणे निराळे.

येथे आम्हांस आमच्याच सभागृहांची आठवण होते. घरी मराठी बोलणारी, पण मराठी पान वाचताना अडखळणारी मुले आमच्या वर्गांत दरवर्षी येतात. त्यांच्यासमोर ज्ञानेश्वर-तुकारामांची नावे घेऊन आम्हीही भाषणे केली आहेत. टाळ्या पडल्या, किती मुलांनी ती नावे ओळखली, हे आम्ही विचारले नाही. ॲरिस्टॉक्सिनसचा दृष्टान्त जाणकारांच्या बैठकीविषयी होता, हे ध्यानी घेता तो आम्हांलाच अधिक लागू पडतो. ज्यास खंत वाटते तो अद्याप सर्व विसरलेला नाही, एवढा दिलासा या कवितेतून घ्यावा. मात्र वार्षिक समारंभात भाषणांचा एक तास कमी करून तो मुलांबरोबर एखादे अभंगाचे पान वाचण्यास द्यावा, असे आमचे सदस्यांस सांगणे आहे.