‘सत्तांतर’ : रूपक आणि रान

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या लघुकादंबरीस १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वानरटोळ्यांतील सत्तासंघर्षाची ही कथा मानवी राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह सहज होतो. शीर्षकही तेच सुचविते. हे वाचन अग्राह्य नव्हे, परंतु अपुरे आहे. नवा नायक टोळीतील पिले मारतो, ही घटना रूपकाच्या सोयीसाठी कल्पिलेली नाही. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी धारवाड परिसरातील वानरांत हेच वर्तन पाहिले व १९६५ साली प्रसिद्ध केले. ‘सत्तांतरा’तील संघर्ष क्षेत्रासाठी आहे आणि क्षेत्र म्हणजे झाडे, पाणी व निवारा होय.

वानराला माणसाचे प्रतीक मानणे आणि मारुतीचे रूप मानणे, या दोहोंत प्रत्यक्ष प्राणी दृष्टीआड होण्याचा धोका आहे. श्रद्धेने वानराला अभय दिले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. तथापि अभय म्हणजे संरक्षण नव्हे. परभणी जिल्ह्यातील चारठाणा येथील प्राचीन मंदिरांचे रक्षण करावयाचे तर ती वास्तू सांभाळावी लागते. वानराचे रक्षण करावयाचे तर वानराभोवतीचे रान सांभाळावे लागते. मूर्तीला अन्न शोधीत हिंडावे लागत नाही.

या दृष्टीने मराठवाड्यातीलच उपळा (जि. धाराशिव) या गावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील जमीनविषयक दप्तरात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे वृत्त २०२२ साली प्रसिद्ध झाले. लग्नप्रसंगी माकडांना मान देण्याची प्रथाही तेथे होती. असे असूनही गावातील माकडांची संख्या घटल्याचे ग्रामस्थांनी सांगितले. केवळ दप्तरातील नोंद पुरेशी नाही, असाच याचा अर्थ होतो. उलट, आसामातील काकोइजाना येथे सोनेरी वानर या संकटग्रस्त जातीसाठी भोवतालच्या गावांनी समित्या स्थापून उजाड झालेले वन पुन्हा वाढविले; वानरांची संख्याही वाढली.

‘सत्तांतरा’चे मोल याच संदर्भात ठरवावयास हवे. वानराला पूज्य वा प्रतीकरूप न करता, त्याच्या क्रौर्यासह आणि गरजांसह पाहण्याची शिस्त ही कृती वाचकाला लावते. केवळ रूपक शोधणारी समीक्षा नेमकी ही शिस्त गमावते. आणि ज्यांच्या हाती रानाचे भवितव्य आहे, त्या गावांना तर तिचीच अधिक गरज आहे.