गालिचा उलटा करून पाहा

आपल्या दिवाणखान्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. सोफ्याला मॅचिंग गालिचा, गालिच्याला मॅचिंग पडदे, सगळं शोरूमसारखं! आमचंही पहिलं घर तसंच होतं. 'हँडमेड' म्हणून सेलमध्ये घेतलेला गालिचा दोन वर्षांत झडायला लागला, तेव्हा कुठे तो उलटा करून पाहिला. झालर वरून शिवलेली, पाठीला गोंदाने चिकटवलेलं कापड. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही स्पष्ट दिसते आणि झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे दोरे असतात.

असा अस्सल गालिचा परवडत असेल तर जरूर घ्या, पण 'गुडवीव्ह'चं लेबल पाहून. १९९४ मध्ये 'रगमार्क' नावाने सुरू झालेली ही खूण बालमजुरीविरुद्धची आहे. परवडत नसेल तर नक्कल तरी नको. जमिनीवर सुती सतरंजी अंथरा, सोफ्यावर सोलापुरी चादर टाका. दोन्ही धुता येतात आणि पाहुणे वाढले तर सतरंजीवर पंगतही बसते.

गंमत म्हणजे या दोन्ही वस्तू आपल्याकडे असतातच. आईने बॅगेत कोंबून दिलेल्या. पण पाहुणे यायच्या आधी आपण त्या कपाटात ढकलतो आणि नक्कल मिरवतो. माझी खरी तक्रार ही आहे.