तत्काळ संदेशप्रणालीची रचना आणि गोपनीयतेचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकाच्या जाळ्यावरून तत्काळ संदेश पाठविण्याची सोय आयसीक्यू (१९९६) आणि एओएल इन्स्टंट मेसेंजर (१९९७) या सेवांनी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविली. या पिढीतील सेवांत संदेश बहुधा उघड मजकुराच्या स्वरूपातच जात असे. एओएलची सेवा २०१७ मध्ये व आयसीक्यू २०२४ मध्ये बंद झाली. परंतु संदेशाची गोपनीयता नेमकी कोणापासून राखावयाची, हा त्यांच्या रचनेत अनुत्तरित राहिलेला प्रश्न आजही कायम आहे.

मार्गाची सुरक्षितता व संभाषणाची सुरक्षितता

जॅबरमधून विकसित झालेला एक्सएमपीपी हा शिष्टाचार २००४ मध्ये प्रमाणित झाला. त्यात वापरकर्ता व सर्व्हर यांमधील मार्ग कूटबद्ध करण्याची तरतूद होती. मात्र अशा रचनेत संदेश सर्व्हरवर पोहोचताच उलगडला जातो. वाटेतील त्रयस्थापासून संरक्षण मिळते. सर्व्हर चालविणाऱ्यापासून मिळत नाही. मार्ग सुरक्षित म्हणजे संभाषण सुरक्षित, हे समीकरण म्हणूनच सदोष ठरते.

ऑफ-द-रेकॉर्ड पद्धतीचे योगदान व मर्यादा

निकिता बोरिसोव्ह, इयान गोल्डबर्ग व एरिक ब्रुअर यांनी २००४ मध्ये ऑफ-द-रेकॉर्ड पद्धती मांडली. पीजीपीसारख्या पद्धतीत संदेशावर अंकीय स्वाक्षरी असते. ती प्रेषकाची ओळख पटविते, पण त्याच्या बोलण्याचा कायमचा पुरावाही निर्माण करते. शिवाय एकच किल्ली दीर्घकाळ वापरल्यामुळे ती हाती लागल्यास जुना पत्रव्यवहारही उघडा पडतो. खाजगी संभाषणाचा स्वभाव याच्या विरुद्ध आहे. म्हणून या संशोधकांनी किल्ल्या वारंवार बदलून जुन्या नष्ट करण्याचा व स्वाक्षरीऐवजी उभयतांना ठाऊक असलेल्या किल्लीने संदेश प्रमाणित करण्याचा मार्ग सुचविला. संदेश समोरच्याचाच आहे, अशी ग्राहकाची खात्री पटते. तिसऱ्यापुढे मात्र ते सिद्ध करता येत नाही, कारण तसा संदेश ग्राहकालाही तयार करता आला असता.

ही पद्धती दोन व्यक्तींसाठी व दोघेही एकाच वेळी जाळ्यावर उपस्थित असतील, या गृहीतावर उभी होती. भ्रमणध्वनीच्या युगात ते गृहीत टिकले नाही. सिग्नलच्या शिष्टाचाराने किल्ल्या सर्व्हरवर आगाऊ ठेवण्याची युक्ती योजून ही अडचण दूर केली, आणि व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये तो शिष्टाचार सर्व वापरकर्त्यांसाठी लागू केला. मोठ्या समूहांसाठीचा एमएलएस हा शिष्टाचार २०२३ मध्ये प्रमाणित झाला.

उरलेल्या फटी

तथापि सर्व्हरने दिलेली किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची आहे काय, याची पडताळणी वापरकर्त्यावरच सोपविलेली दिसते. सुरक्षा क्रमांक जुळवून पाहण्याची सोय असते. पण जी सोय वापरली जात नाही, तिच्यावर सुरक्षिततेची भिस्त ठेवणे हा रचनेचाच दोष होय. दुसरे असे की, मजकूर झाकला तरी कोण कोणाशी, केव्हा व किती वेळा बोलले, ही माहिती सेवादात्याला सहसा मिळू शकते. तिसरे, संभाषणाची साठवण मेघसेवेवर कूटबद्ध न करता ठेवल्यास मूळ संरक्षण निष्फळ होते. व्हॉट्सॲपने कूटबद्ध साठवणीची सोय २०२१ मध्ये दिली, पण ती ऐच्छिक ठेवली.

कायदा आणि रचना यांतील संघर्ष

भारतात २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या संदेशसेवांनी आदेश मिळाल्यास संदेशाच्या प्रथम प्रवर्तकाची ओळख पटवून देणे अपेक्षित आहे. व्हॉट्सॲपने याच वर्षी त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. अफवांमुळे होणारी जीवितहानी लक्षात घेता शासनाची चिंता निराधार म्हणता येत नाही. नियमानुसार मजकूर उघड करण्याची सक्तीही नाही. परंतु गुन्ह्याचा संदेश कोणता ठरेल, हे आधी कळत नसल्याने प्रत्येकच संदेशाच्या उगमाची काही ना काही खूण राखावी लागेल. ऑफ-द-रेकॉर्ड पद्धतीने जो कायमचा पुरावा टाळला, तोच येथे सक्तीने परत येतो.

समारोप

संदेशप्रणालीची सुरक्षितता केवळ कूटलेखनाच्या बळावर मोजता येत नाही. किल्लीची पडताळणी, संपर्काच्या नोंदी व साठवण यांबाबतचे निर्णय रचनेच्या आरंभीच घ्यावे लागतात. नंतर जोडलेले संरक्षण ठिगळासारखे राहते. कोणती माहिती जपावी यापेक्षा कोणती माहिती मुळात निर्माणच होऊ देऊ नये, हा विचार रचनाकाराने प्रथम करणे अगत्याचे आहे.