न पुसलेली खूण

जुना हस्तलिखित सातबारा वाचताना माझी नजर आधी कंसांकडे जाते. कळसाडी गावातल्या एखाद्या गटाचा उतारा घ्या, नाहीतर राज्यातल्या कुठल्याही गावचा, घडण तीच. खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. वाटणी झाली, वारस लागले, खरेदीखत झालं की जुनं नाव कंसात जातं, खाली नवं चढतं आणि त्याच्याशेजारी नवं वर्तुळ येतं. साधारण दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. कंसातली नावं गळायची, चालू तेवढी कोऱ्या पानावर यायची आणि तिथून पुढे पुन्हा कंस सुरू.

त्याच दप्तरात गाव नमुना सहा असतो, म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यात प्रत्येक बदलाची वेगळी नोंद, क्रमानं. समजा, आजचा खातेदार केवळ या वहीवरून ठरवायचा आहे. मग मागच्या पुनर्लेखनापासूनची एकेक नोंद ओळीनं लावत यावं लागेल, आणि मधलं एक पान फाटलेलं निघालं की पुढचं सगळं लटकलं. सातबाऱ्याच्या पानाचं तसं नाही. पुनर्लेखनानंतर जे जे बदललं, ते सगळं त्या एकाच पानावर हजर असतं.

संगणकातल्या फायलींचा बॅकअप घेण्याच्या दोन रीतींत नेमका हाच फरक आहे. इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे नमुना सहा: कालच्यानंतर जे बदललं तेवढंच. डिफरन्शियल म्हणजे सातबाऱ्याचं पान: शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर जे जे बदललं ते सगळं, रोज नव्यानं. मला ही दुसरी रीत अतिशय देखणी वाटते, आणि तिचं देखणेपण एका अगदी बारीक जागी आहे.

विंडोजमध्ये एखाद्या फायलीच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ॲडव्हान्स्ड बटण दाबा. तिथे फाइल जतनासाठी तयार आहे अशा अर्थाची एक चौकट दिसते. ही डॉसच्या काळापासून चालत आलेली ‘अर्काइव्ह’ खूण. फाइल नवी झाली किंवा तिच्यात काही बदललं की ही खूण आपोआप चढते. सगळा पसारा एका बिटाचा.

आता एक्सकॉपी ही आज्ञा पाहा. ती १९८६ साली एमएस-डॉस ३.२ बरोबर आली आणि अजून चालते. तिच्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘एम’ लिहिलं, तर ती खूण असलेल्या फायली उचलते, नक्कल करते आणि खूण पुसते. ‘एम’च्या जागी ‘ए’ लिहिलं, तर त्याच फायली उचलते, तशीच नक्कल करते, पण खुणेला हात लावत नाही. दोन्हींत फरक एवढाच! पण ‘ए’नं खूण पुसली नाही, म्हणून सोमवारी बदललेली फाइल मंगळवारीही उचलली जाते, बुधवारीही, थेट शनिवारपर्यंत. एक काम न करण्यातून सगळी रीत उभी राहते. रचनेतला इतका संयम मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

मांडणी साधी आहे. रविवारी दप्तराचं सगळं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं आणि मग ॲट्रिब या आज्ञेनं सगळ्या खुणा एकदम उतरवायच्या. हे झालं पुनर्लेखन. सोमवारपासून रोज संध्याकाळी एक्सकॉपी ‘ए’सह चालवायची, त्या त्या वाराच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. टास्क शेड्यूलरला सांगून ठेवलं की माणसाला आठवण ठेवायची गरज नाही.

खर्च आहे, तो लपवायचं कारण नाही. रोज १ जीबीच्या वेगळ्याच फायली बदलत असतील, तर सहा दिवसांत इन्क्रिमेंटलला ६ जीबी लागतात आणि डिफरन्शियलला १ पासून ६ पर्यंतची बेरीज, म्हणजे २१ जीबी. पण गावातलं काम असं नसतं. ग्रामपंचायतीत, शाळेत, खतांच्या दुकानात रोज उघडतात त्या त्याच त्या फायली: टॅलीचा डेटा, हजेरी, कराची यादी. सोमवारची फाइल शनिवारीही तीच असल्यावर बेरीज फुगत नाही. लहान दप्तराला हीच रीत शोभते, असं मी ठामपणे म्हणतो. संगणकाची डिस्क बंद पडते त्या दिवशी तर या रीतीची खरी किंमत कळते. रविवारची पूर्ण प्रत परत घ्यायची, तिच्यावर शेवटच्या दिवसाची चढवायची, संपलं. बुधवारची प्रत खराब निघाली तरी गुरुवारच्या प्रतीचं काही अडत नाही. श्रम रोजच्या बऱ्या दिवसांवर वाटून दिलेत आणि वाईट दिवसाला हलकं ठेवलंय.

उणं आहे ते कंसाचं. सातबारा गेलेल्या माणसाचीही खबर ठेवतो. ही रीत काढून टाकलेल्या फायलीची ठेवत नाही. मंगळवारी मुद्दाम काढलेली फाइल शनिवारी सगळं परत घेताना पुन्हा उगवते. म्हणून रोजच्या फोल्डरमध्ये त्या दिवशी दप्तरात असलेल्या सगळ्या फायलींच्या नावांची यादीही ठेवावी. दुसरी अडचण अशी की खूण एकच आणि ती सगळ्यांची. त्याच संगणकावर दुसऱ्या एखाद्या बॅकअप प्रोग्रॅमनं ती पुसली, तर आपली साखळी नकळत तुटते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीनं मात्र डेटाबेसच्या पोटातच वेगळा नकाशा ठेवला आहे. ६४ केबीच्या प्रत्येक तुकड्याला एक बिट. पूर्ण बॅकअप ते बिट उतरवतो, डिफरन्शियल उतरवत नाही. तोच संयम, फक्त जागा अधिक सुरक्षित.

आणि डिस्क कुठे ठेवता, हेही या रीतीचाच भाग समजा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि चौथ्यापासून सहाव्या मजल्यापर्यंतची दालनं कागदांसकट जळाली. ज्या टेबलावर संगणक, त्याच टेबलाच्या खणात डिस्क असेल, तर आग, पाणी, चोरी यांपैकी काहीही दोघांना एकदमच गाठतं. दोन डिस्का घ्या. रविवारी पूर्ण प्रत झाली की भरलेली डिस्क दुसऱ्या घरी पाठवा, तिथली आणून जोडा आणि आठवडा तिच्यावर सुरू करा. मात्र सुरू करण्याआधी त्या डिस्कवरही त्याच रविवारची पूर्ण प्रत उतरवून घ्या, कारण सोमवारच्या फरकाला टेकायला त्याचीच पूर्ण प्रत शेजारी लागते.