हुसेन, मकबूल फिदा

(१७ सप्टेंबर १९१५–९ जून २०११). आधुनिक भारतीय चित्रकार व चित्रपटदिग्दर्शक. जन्म पंढरपूर येथे. बालपण इंदूरमध्ये गेले. मुंबईत आरंभी चित्रपटांचे जाहिरातफलक रंगवून त्यांनी चरितार्थ चालविला. भव्य आकार, जोरकस बाह्यरेषा आणि सपाट रंगक्षेत्रे ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये या उमेदवारीशी निगडित आहेत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे व बाकरे यांच्यासमवेत ते होते. जमीन या चित्रास १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

हुसेन हे रूढ अर्थाने अतिवास्तववादी नव्हेत. तथापि असंबद्ध वस्तू शेजारी मांडून गूढ अर्थ सूचित करण्याची त्यांची रीत त्या पंथास जवळची आहे. बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प (१९५६) या चित्रात स्त्रियांच्या समूहात एकीच्या हाताखाली धाग्यावर कोळी लोंबतो, वर कंदील आहे आणि माथ्यावर न उलगडणारी अक्षरे आहेत. चित्राची शक्ती या न उलगडण्यातच आहे.

हीच दृष्टी त्यांच्या पहिल्या चित्रपटात आढळते. साल्वादोर दाली यांनी लुईस बून्युएल यांच्या सहकार्याने १९२९ मध्ये स्वप्नाच्या तर्काने चालणारा लघुपट निर्मिला होता. फिल्म्स डिव्हिजनसाठी हुसेन यांनी केलेल्या थ्रू द आइज ऑफ अ पेंटर (१९६७) या लघुपटातही कथानक नाही. राजस्थानच्या पार्श्वभूमीवर छत्री, कंदील, जोडा, गाय अशा प्रतिमा संगीताच्या लयीत येतात. मात्र दालींचा धक्का येथे नाही. परिचित वस्तूंकडे नव्याने पाहण्याचा आनंद आहे. बर्लिन महोत्सवात त्यास लघुपटाचे ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले. गज गामिनी (२०००) व मीनाक्षी (२००४) हे कथापट दृश्यदृष्ट्या संपन्न असले, तरी त्यांत प्रतिमांचा अर्थ संवादांतून सांगितला जातो आणि गूढता ओसरते.

त्यांचा राजकीय कल एका विचारप्रणालीत बसत नाही. समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्या प्रेरणेने त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली. आणीबाणीच्या वेळी मात्र १९७५ च्या चित्रत्रयीत त्यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगविले. वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना केलेला हा सत्तेचा गौरव त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत दुबळा क्षण ठरतो. १९८६ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. १९८९ मध्ये पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या हत्येनंतर त्यांनी हाश्मींना चित्ररूप श्रद्धांजली वाहिली. पक्षनिष्ठेपेक्षा व्यक्ती व प्रसंग यांचे आकर्षण त्यांच्या राजकारणात प्रबळ होते.

देवीच्या रूपाचा आधार घेण्याची रीत पुढे त्यांच्यावर उलटली. १९७० नंतरच्या दशकातील सरस्वतीच्या रेखाटनावरून १९९६ मध्ये आणि भारतमातेच्या नावे ओळखल्या गेलेल्या चित्रावरून २००६ मध्ये निदर्शने व खटले झाले. त्यांनी भारत सोडला. अश्लीलतेसंबंधीचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले, तरी ते परतले नाहीत; २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

देवीची प्रतिमा सत्तेच्या सेवेत आली तेव्हा ती निर्वेध राहिली. चित्रकाराच्या स्वतंत्र कल्पनेतून आली तेव्हा तिला न्यायालयाचे संरक्षणही अपुरे पडले. आणीबाणीतील चित्रत्रयीवर कठोर टीका करता येते, परंतु त्या टीकेने नंतरच्या छळाचे समर्थन होत नाही. त्यांचे श्रेष्ठत्व राजकीय चित्रांत नसून, ज्या चित्रांत व लघुपटात प्रतिमा कोणाचीही बाजू न घेता बोलते, तेथे आहे.