मावशीची उशी आणि ऑड्री लॉर्डचा नकार

माझी मावशी तिला 'उशी' म्हणते. 'गो, माझी उशी दे तिकडची,' असं ती सकाळी मोरीतून बाहेर येताना ओरडते. घरात पाहुणा असेल तर त्याला वाटतं, बाईला परत आडवं व्हायचंय. उशी म्हणजे तिचा डावा स्तन. खरा नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये काढला. आता जो आहे तो सिलिकॉनचा, ब्राच्या आतल्या खिशात सरकवायचा. डॉक्टर त्याला 'प्रोस्थेसिस' म्हणतात, दुकानदार 'ब्रेस्ट फॉर्म' म्हणतो. बोलीत चालेल असा मराठी शब्द माझ्या तरी कानावर आला नाही, म्हणून लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत उशी हाच शब्द रूढ झाला.

हा लेख एका पुस्तकाबद्दल आहे, पण मावशीला वगळून मला त्या पुस्तकाबद्दल बोलता येत नाही. पुस्तक आहे ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कृष्णवर्णीय कवयित्रीचं 'द कॅन्सर जर्नल्स'. 1978 मध्ये लॉर्डचा एक स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला आणि 1980 मध्ये हे पुस्तक आलं. छोटंसं आहे, एका रविवारात वाचून होतं. डायरीतल्या नोंदी आणि तीन लेख. त्यातला शेवटचा लेख थेट कृत्रिम स्तनाबद्दल आहे, आणि तो वाचून मी एमएच्या पहिल्या वर्षाला असताना पेटले होते.

लॉर्डने त्यात दोन प्रसंग सांगितलेत. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये एक स्वयंसेविका तिला भेटायला येते. स्वतः याच आजारातून गेलेली, नीटनेटकी, हसतमुख. ती सोबत लोकर भरलेला, स्तनाच्या आकाराचा पॅड आणते. रंग फिकट गुलाबी. लॉर्ड तो लावून बघते. तो तिच्या छातीवर तिरका आणि निर्जीव बसतो, आणि त्याचा रंग तिच्या कातडीचा नसतोच. 'त्वचेचा रंग' म्हणजे कुणाच्या त्वचेचा, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. दुसरा प्रसंग काही दिवसांनंतरचा. टाके काढायला ती सर्जनच्या दवाखान्यात जाते. छान कपडे घालून, कानात डूल घालून जाते, पण पॅड न लावता. तिथली नर्स तिला सुचवते की काहीतरी लावून येत जा, नाहीतर इथल्या वातावरणावर वाईट परिणाम होतो.

लॉर्डचा राग इथे सुरू होतो. ती मोशे दायान या इस्राएली सेनानीचं उदाहरण देते. त्याचा एक डोळा गेलेला, त्यावर काळी पट्टी. त्याला कुणी काचेचा डोळा बसवून यायला सांगत नाही. त्याची पट्टी लढाईची खूण ठरते. मग बाईच्या सपाट छातीला लपवायची गोष्ट का समजायचं? पुढे तिचा सगळ्यात धारदार मुद्दा येतो. कवळीने चावता येतं, कृत्रिम पायाने चालता येतं. खोटा स्तन मात्र काहीच काम करत नाही, तो फक्त दिसण्यासाठी, बघणाऱ्यांच्या सोयीसाठी असतो. आणि सगळ्या बायकांनी तो लावला की एकाच दुखण्यातून गेलेल्या बायका एकमेकींना ओळखूच शकत नाहीत. एक स्तन असलेल्या बायकांची फौज सरकारच्या दारावर जाऊन धडकली तर काय होईल, असं स्वप्नही ती बघते.

हे सगळं फोनवर वाचून मी लालबागला गेले आणि मावशीला भाषण दिलं. 'तू ही उशी कुणासाठी लावतेस? स्वतःसाठी की लोकांसाठी?'

मावशी भाकरी थापत होती. 'लोकांसाठीच की गो,' ती म्हणाली. 'गाडीत लोकच असतात ना.'

मला वाटलं, मुद्दा सिद्ध झाला. मग तिने पीठ लागलेलं कोपर माझ्या छातीच्या दिशेने आणलं. ती तेव्हा करी रोडहून सकाळची स्लो लोकल पकडून मुलुंडला कामाला जायची. 'लेडीजमध्ये चढताना कोपर कुठे लागतं? इथेच. जखम भरली तरी तिथली कातडी वेगळी असते. कुठे बधिर, कुठे नुसता वारा लागला तरी झोंबते. उशी असली की कोपर उशीला लागतं, मला नाही लागत.'

मला त्यावर बोलता आलं नाही. लॉर्डच्या लेखातलं सगळ्यात धारदार वाक्य भाकरीच्या पिठाने माखलेल्या एका कोपराने बोथट करून ठेवलं होतं. खोटा स्तन काम करतो. निदान मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात तरी करतो.

त्यानंतर मी लॉर्डचा लेख पुन्हा वाचला, आणि मला त्यात एक रिकामी जागा दिसायला लागली. ती वस्तू कशी दिसते आणि ती लावण्याचा अर्थ काय होतो, यावर लॉर्ड विलक्षण लिहिते. पण वस्तू दिवसभर अंगावर वागवताना काय होतं, हे तिच्या लेखात फारसं येत नाही. येणार तरी कसं, तिने ती वागवलीच नाही. हा तिचा दोष म्हणता येणार नाही. पण ज्या बाईने तीच वस्तू नऊ वर्षं वागवली, तिचं म्हणणं आपण त्या लेखाच्या शेजारी ठेवून वाचायला हवं.

तर वागवणं कसं असतं? ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जखम ओली असते, तेव्हा फायबर किंवा कापूस भरलेला हलका पॅड लावतात. तो इतका हलका असतो की हात वर केला की ब्राबरोबर तोही वर सरकतो. जखम भरली की सिलिकॉनचा. त्याला मुद्दाम वजन दिलेलं असतं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या लोंबतात आणि ब्रा एका अंगाला ओढली जात नाही. पण सिलिकॉन घाम शोषत नाही. मे महिन्यात त्याच्या मागे घामाचं तळं होतं, घामोळं येतं, पट्टा खांद्यात रुततो. सेफ्टी पिन लागली तर तो फुटतो, आणि साडी नेसणाऱ्या बाईच्या अंगावर पिना किती असतात ते मोजून बघा. शिवाय तो कायमचा टिकत नाही, काही वर्षांनी नवा घ्यावा लागतो, आणि चांगला घ्यायचा तर खर्च हजारांत जातो.

सिलिकॉनचा परवडेपर्यंत मावशीने स्वतःच एक शिवला होता. जुन्या सुती साडीची पिशवी, आत कापूस, आणि वजनासाठी मूठभर बाजरी. उत्तम चालला. मग पावसाळा आला आणि बाजरीला किडे झाले. ती हे सांगताना इतकी हसते की ऐकणाऱ्याला आपण हसावं की नाही ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकात सापडली नसती. आपला पदर उजवीकडून येऊन डाव्या खांद्यावर जातो, त्यामुळे डावी कूस उघडी राहते. मावशीचा डावा गेला. 'उजवा गेला असता तर पदराने अर्धं काम केलं असतं,' ती म्हणते. ब्लाऊज मापाने शिवायचा, म्हणजे शिंप्याला सांगणं आलं. तिने आधीचा शिंपी सोडला आणि दादरला एका बाई टेलरकडे जायला लागली.

आणि जागा. चाळीच्या एका खोलीत पाच माणसं. उशी काढायची कुठे? मोरीला दाराऐवजी पडदा. खिशाची ब्रा वाळत घालायची कुठे? गॅलरीतल्या दोरीवर, परकराच्या खाली, पूर्ण झाकून, म्हणजे ती नीट वाळत नाही आणि ओली राहिली की कातडीला त्रास. घरी आल्यावर उशी काढून मोकळं बसावं, तर कुणीही 'काय चाललंय?' म्हणत थेट आत येतं. लॉर्डच्या लेखात लावणं आणि न लावणं हे दोन पक्ष आहेत. लालबागच्या खोलीत ते घड्याळावर चालतं. गाडीत लावलेली, ऑफिसात लावलेली, रात्री दिवा मालवल्यावर काढलेली. आराम हा वस्तूचा गुण आहे असं दुकानदार सांगतो. मला आता वाटतं, तो निम्मा तरी दाराच्या कडीचा गुण आहे.

लॉर्ड तिचा नकार लिहीत होती त्याच दशकात अमेरिकेतच दुसरी एक बाई याच वस्तूवर वेगळ्या बाजूने काम करत होती. रूथ हँडलर. 1959 मध्ये बाजारात आलेली बार्बी ही हिची. 1970 मध्ये तिचाही स्तन काढावा लागला. बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन तिला इतके ओबडधोबड वाटले की तिने एका कारागिराला सोबत घेऊन स्वतः बनवायला घेतले आणि 'निअरली मी' नावाने विकले. त्यात डावा वेगळा आणि उजवा वेगळा होता. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला लावणारीच बाई लागली. बार्बीच्या अशक्य बांध्यावर आपण कितीही टीका करू, आणि ती करायलाच हवी, पण तिच्या निर्मातीने खऱ्या बायकांच्या छातीचं माप नीट घेतलं हेही नोंदवायला हवं. लॉर्डने विचारलं, का लावायचं? हँडलरने विचारलं, लावायचंच तर बोचतंय कुठे? या दोन प्रश्नांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याचं कारण मला दिसत नाही. आता तर तिसराही रस्ता आहे. सुती दोऱ्याचे, क्रोशाने किंवा सुयांवर विणलेले हलके स्तन स्वयंसेवी बायका विणतात आणि मोफत देतात. ही चळवळ अमेरिकेतून पसरली आणि भारतातही आली. ते धुता येतात, घामात गार राहतात. मावशीला मी एक दिला. घरी तोच लावते. गाडीसाठी मात्र सिलिकॉनच, 'कोपर आरपार जातं ना गो यातून.'

हे सगळं मराठीत कुठे आहे, ते मी शोधत होते. खोटी छाती मराठी माणसाला नवी नाही. आपल्या रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो तो पुरुषांनी लुगडं नेसून उभा केला. 1911 च्या 'मानापमान'मधली बालगंधर्वांची भामिनी बघून घरंदाज बायका तसं नेसायला शिकल्या, असं आपण अभिमानाने सांगतो. 'मोरूची मावशी'मध्ये विजय चव्हाणांना टांग टिंग करत नाचताना बघून आपण खुर्चीतून पडेपर्यंत हसलोय. पुरुषाने लावली तर ती कला असते, नाहीतर विनोद. बाईने गरजेपोटी लावली की तिच्याबद्दल कुजबुजायचं. मोशे दायानच्या पट्टीबद्दल लॉर्ड जे म्हणते ते समजून घ्यायला मला इस्राएलपर्यंत जावं लागलं नाही, शिवाजी मंदिरपर्यंत गेले तरी पुरलं.

साहित्यात स्तनाचा कॅन्सर येतो तो बहुधा मरण म्हणून. महाश्वेतादेवींची 'स्तनदायिनी' ही थोर कथा आहे. दुसऱ्यांच्या पोरांना पाजून घर चालवणारी जशोदा त्याच स्तनाच्या कॅन्सरने मरते, आणि ती वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प बसावं लागतं. दुसरीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये 'कॅन्सरवर मात' असते. मरण आणि मात यांच्या मधली, मंगळवारी दुपारी घामोळं खाजवणारी, ब्रा वाळली का बघणारी बाई कुठे लिहिलेली नाही असं मी म्हणणार नाही. मला ती वाचायला मिळाली नाही, इतकंच. स्तनाचा कॅन्सर भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. म्हणजे ती बाई तुमच्याही डब्यात आहे.

तरीही लॉर्ड मला हवी आहे, आणि त्याचं कारणही मावशीच. गेल्या वर्षी तिच्या तपासणीला मी सोबत गेले. लालबागहून परळचं टाटा हॉस्पिटल म्हणजे बसचे काही स्टॉप. 1941 पासून ते तिथे आहे, आणि देशभरातून माणसं येतात. त्यांचे नातेवाईक फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, मिळेल तिथे राहतात. निघताना मी सवयीने उशी पुढे केली.

'आज नको,' मावशी म्हणाली. 'तिथे कशाला?'

ती तशीच निघाली, डावी बाजू सपाट, पदर नेहमीसारखा. बसमध्ये एका बाईने बघितलं आणि नजर वळवली. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. हॉस्पिटलच्या बाकावर मात्र तिच्या शेजारी बिहारहून आलेली एक बाई बसली होती. तिने मावशीच्या छातीकडे सरळ बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि विचारलं, 'कितने साल हुए?' मावशी म्हणाली, 'नौ.' त्या बाईने स्वतःच्या पदराखाली हात नेला आणि म्हणाली, 'मेरा तीन महीना.' मग दोघी जणी ब्राचा पट्टा कुठे रुततो यावर नंबर येईपर्यंत बोलत होत्या. मावशीने तिला बाजरी भरू नकोस असं बजावून सांगितलं.

एकमेकींना ओळखता यायला हवं, असं लॉर्ड म्हणत होती ते मी त्या बाकावर बघितलं. गाडीत उशी लावण्याचा निर्णय मावशीचा होता आणि परळला ती न लावण्याचाही तिचाच. पहिल्याबद्दल मी तिला भाषण दिलं होतं. दुसरा तिने मला न विचारता घेतला, आणि लॉर्डचं नावही तिने कधी ऐकलेलं नाही.

परत येताना तिने विचारलं, 'त्या तुझ्या पुस्तकातल्या बाईला पण गाडीने जावं लागायचं काय गो?' मी म्हटलं, न्यूयॉर्कमध्येही लोकल असतात. 'मग तिला गर्दी नसेल मिळाली,' मावशी म्हणाली.