पत्र आणि पुरावा : पुण्यातील दोन खटल्यांचे भाषिक परीक्षण

१

दीर्घकाळ दडून राहिलेल्या खुनाचा तपास सुरू होतो तेव्हा तपास करणाऱ्याच्या हाती फारच थोडे उरलेले असते. प्रेताची विल्हेवाट लागलेली असते, साक्षीदारांची स्मृती मंदावलेली असते, घरातील वस्तूंची जागा बदललेली असते. जसेच्या तसे राहते ते लिहिलेले अक्षर. त्यातून मृत व्यक्ती स्त्री असेल, तर संशयाची पहिली दिशा तिच्या पतीकडे, अथवा संबंध तुटला असल्यास पूर्वीच्या पतीकडे वळते. विवाहसंबंध हा चार भिंतींच्या आतला व्यवहार असल्यामुळे त्याचा साक्षीदार सहसा मिळत नाही. मग पेटीच्या तळाशी सापडलेले एखादे पत्र हेच त्या नात्याचे एकमेव साक्षीदार ठरते, आणि त्याच्या वाचनावर एका माणसाचे प्राण अवलंबून राहतात.

असे पत्र वाचायचे कसे, हा प्रश्न जितका विधिशास्त्राचा तितकाच भाषाशास्त्राचाही आहे. पुणे शहराशी निगडित असलेले दोन खटले या दृष्टीने एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिला १९५६ सालच्या मृत्यूचा, दुसरा १९८२ सालच्या. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, दोन्ही विषप्रयोगाच्या आरोपाचे होते, आणि दोहोंतही पत्रांना मोठे स्थान होते. मात्र पहिल्यात शरीरात विष सापडले नाही तरी आरोपीस देहान्ताची शिक्षा झाली. दुसऱ्यात विष सापडले, तरी आरोपी निर्दोष सुटला. पहिल्यातील पत्रे खोटी होती. त्यांनी आरोपीस दोषी ठरविण्यास हातभार लावला. दुसऱ्यातील पत्रे खरी होती. त्यांनी आरोप सिद्ध झाला नाही. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. वस्तुतः दोन्ही निर्णयांच्या मुळाशी वाचनाचे एकच तत्त्व आहे. तथापि दुसऱ्या निर्णयात त्या तत्त्वाच्या पलीकडे टाकलेले एक पाऊल परीक्षणीय आहे.

२

पहिला खटला ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने प्रसिद्ध आहे. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा स्त्रीच्या घरात डॉ. लागू हे बिऱ्हाडकरू होते. बाईंना मधुमेह होता. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या वैद्यांस प्रकृती दाखविण्याच्या निमित्ताने दोघे पुण्याहून आगगाडीने निघाले. पहाटे गाडी मुंबईस पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि त्याच दिवशी दुपारच्या आत त्यांचा अंत झाला. प्रेत बेवारस राहिले. काही दिवसांनी झालेल्या शवपरीक्षेत विषाचा माग लागला नाही, आणि मधुमेहजन्य मूर्च्छेने आलेला मृत्यू म्हणून प्रकरण मिटले.

पुण्यास मात्र बाई जिवंतच राहिल्या. त्या तीर्थयात्रेस गेल्या, पुढे त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला आणि जयपूरजवळ राठोडी नावाच्या गावी त्या स्थायिक झाल्या, अशा आशयाची पत्रे त्यांच्या नावाने आप्तस्वकीयांना येऊ लागली. दरम्यान त्यांची मालमत्ता एकेक करून डॉक्टरांच्या हाती जात होती. आप्तेष्टांच्या मनातील शंका बळावून तपासाला दिशा मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ लोटला. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, निर्णय न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. विष कोणते हे सांगता आले नाही, तरी परिस्थितीच्या समग्र साखळीवरून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, हे त्या निर्णयाचे विधिदृष्ट्या महत्त्वाचे प्रतिपादन होय.

या खटल्यातील भाषिक कृत्ये दोन आहेत. पहिले नामकरणाचे. रुग्णालयाच्या नोंदीत बाईंचे नाव ‘लक्ष्मीबाई कर्वे’ असे पडले नाही. ‘इंदुमती पौंशे’ असे पडले. इंदुमती पोंक्षे हे त्यांचे माहेरचे नाव. महाराष्ट्रात विवाहाने स्त्रीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा स्वतःचे नावही बदलत असे. त्यामुळे एकाच देहाला दोन नावे लाभत आणि त्यांतील पहिले हळूहळू विस्मृतीत जाई. ज्याला असत्य बोलायचे नाही, पण सत्य सापडूही द्यायचे नाही, त्याला हा सामाजिक संकेत फार सोयीचा. नाव पुरते खोटे नव्हते. केवळ त्या नावाने त्या स्त्रीला शोधणारे जगात कोणी उरले नव्हते.

दुसरे कृत्य पत्रलेखनाचे. विधवेने पुनर्विवाह केल्याचे कळविणारे पत्र ही मराठी पत्रव्यवहारात सोपी गोष्ट नव्हे. नावामागील ‘गं. भा.’ जाऊन तेथे ‘सौ.’ यावे लागते, कर्वे या आडनावाच्या जागी जोशी यावे लागते, आणि वाचणाऱ्याला पूर्वीची व्यक्ती तर ओळखू यावी लागते. म्हणजे बनावट पत्राला एकाच वेळी ओळख टिकवायची असते आणि ओळख बदलायची असते. लेखकाने यासाठी योजलेली युक्ती ही की, बाईंना त्याने एक पती बहाल केला. विवाहित स्त्री दूरदेशी राहते, माहेरी येत नाही, जुन्या मालमत्तेची विचारपूस करीत नाही, हे समाजाला सहज पटते. तिच्या अनुपस्थितीचे उत्तर देण्याची जबाबदारी त्या जोशी नामक गृहस्थावर जाऊन पडते. पतीकडे वळणारा संशयाचा ओघ येथे अस्तित्वातच नसलेल्या पतीकडे वळविला गेला.

अशा वार्तेचा प्रसार कसा होतो हे पाहण्यासाठी मराठीतील ‘म्हणे’ या छोट्या शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. ‘तिने लग्न केले’ आणि ‘तिने लग्न केले म्हणे’ या दोन वाक्यांतील माहिती एकच. पण दुसऱ्यात बोलणारा त्या माहितीची हमी देत नाही. ही हमी न देता वार्ता पुढे देण्याची सोय असल्यामुळेच ती कोणी तपासून न पाहता घरोघर पोहोचू शकते. एक पत्र एकाच घरी येते. त्याची दहा घरांतील वार्ता ‘म्हणे’च्या आधाराने होते.

या पत्रांतील मजकूर खोटा होता, म्हणून ती निरुपयोगी ठरली नाहीत. उलट मजकूर खोटा असल्यामुळेच ती पुरावा झाली. ती आरोपीच्या हातची होती, आणि लिहिणाऱ्याला बाई मरण पावल्याचे ठाऊक होते. जिच्या मृत्यूची वार्ता आप्तांना कळवावयाची, तिच्या नावाने जिवंतपणाची पत्रे धाडणे हे नैसर्गिक मृत्यूशी जुळणारे वर्तन नव्हे. पत्र काय सांगते याला न्यायालयाने महत्त्व दिले नाही. ते लिहिले गेले, कोणी लिहिले, केव्हा आणि कशासाठी लिहिले, यालाच दिले.

३

सव्वीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या खटल्यात स्थिती अगदी उलट होती. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो विधिग्रंथांत नमूद आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये विवाह होऊन पुण्यास आलेली एक तरुणी अवघ्या चार महिन्यांनी, ११ व १२ जूनच्या दरम्यानच्या रात्री, सासरी मृतावस्थेत आढळली. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीस देहान्ताची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले.

अभियोगपक्षाची मोठी भिस्त तिने बहिणीस व एका मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रांवर, तसेच बीड येथील माहेरच्या भेटीत तिने तोंडी सांगितलेल्या गोष्टींवर होती. पत्रे तिचीच होती. हस्ताक्षराचा वाद नव्हता. त्यांत वैवाहिक जीवनातील निराशा होती, पतीच्या उपेक्षेचे दुःख होते. मृत व्यक्तीचे असे लेखन पुराव्यात घेता येते काय, हा प्रश्न तेव्हा अमलात असलेल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम ३२ च्या अर्थावर अवलंबून होता. (१ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २६ आले आहे.) न्या. फाजल अली यांनी ती पत्रे ग्राह्य मानली. परंतु ग्राह्य असणे निराळे आणि निर्णायक असणे निराळे. ती दुःखाची साक्ष देतात, पण त्या दुःखाचा शेवट दुसऱ्याच्या हातून झाला की स्वतःच्या, हे त्यांतून निष्पन्न होत नाही, असे न्यायालयास दिसले.

येथे दोन्ही खटल्यांतील समान तत्त्व स्पष्ट होते. पत्र निश्चयाने साक्ष देते ते स्वतःच्या लिहिले जाण्याची. लेखनानंतर घडलेल्या कृतीची साक्ष ते देऊ शकत नाही. पहिल्या खटल्यात लेखन हेच आरोपीचे कृत्य होते. म्हणून पत्र त्याच्यावर उलटले. दुसऱ्यात लेखन हे मृतेचे कृत्य होते. ते तिच्या मनाविषयी बोलू शकत होते, दुसऱ्याच्या हाताविषयी नव्हे. खालच्या दोन्ही न्यायालयांना पत्रांतील दुःखात भावी खुनाची चाहूल लागली, याचे कारण त्यांना शेवट आधीच ठाऊक होता. शेवट ठाऊक असलेला वाचक मागील प्रत्येक वाक्याला भाकिताचे स्वरूप देतो. शोकान्त नाटकाच्या आस्वादात ते शोभते. पुराव्याच्या वाचनात शोभत नाही.

याच निर्णयात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे ग्रथित झाली, त्यांना न्या. फाजल अली यांनी ‘पंचशील’ म्हटले आहे. त्यांतील पहिल्या सूत्राचा आधार १९७३ सालच्या ‘शिवाजी साहेबराव बोबडे’ खटल्यातील एक भाषिक भेद आहे: दोष सिद्ध ‘होऊ शकेल’ यात आणि दोष सिद्ध ‘झालाच पाहिजे’ यात मोठे अंतर आहे. इंग्रजीत हा भेद दोन साहाय्यक क्रियापदांचा आहे. मराठीत त्याच्या पायऱ्या अधिक आहेत. ‘त्याने मारले असेल’ ही शक्यता. ‘त्याने मारले असावे’ हा तर्क. ‘त्यानेच मारले असणार’ हा आत्मविश्वासाने केलेला तर्क. ‘त्यानेच मारले असले पाहिजे’ हा इतर पर्याय संपल्यावर निघणारा निष्कर्ष. यांतील तिसरी पायरी सर्वांत फसवी. ‘असणार’ या रूपात बोलणाऱ्याची खात्री दिसते, पण त्या खात्रीचा आधार दिसत नाही. चौकात, बैठकीत आणि वृत्तपत्राच्या रकान्यात पतीचा अथवा पूर्वपतीचा न्याय होतो तो बहुधा याच रूपात. न्यायालयाने मागितलेली पायरी चौथी होती. पुराव्याची साखळी तेथपर्यंत पोहोचत नव्हती, कारण आत्महत्येचा पर्याय संपलेला नव्हता.

४

निर्णय योग्य, तथापि त्याची मांडणी सर्वस्वी निर्दोष नाही. संशयाचा लाभ देण्यासाठी पर्याय शिल्लक असल्याचे दाखविणे पुरेसे होते. निर्णयपत्र त्यापुढे जाऊन त्या पत्रांवरून मृतेच्या स्वभावाचे चित्र रेखाटते: ती अतिशय संवेदनशील, भावनाप्रधान आणि म्हणून खचून जाण्याजोगी होती. येथे न्यायालयाने दूर सारलेला दोष वेगळ्या वाटेने परत येतो. खालच्या न्यायालयांनी पत्रांतून पतीचे कृत्य वाचले, तर येथे पत्रांतून पत्नीची प्रकृती वाचली गेली. दोन्हीकडे शेवट ठाऊक असलेल्या वाचकाचीच दृष्टी आहे.

नवविवाहितेने बहिणीस लिहिलेले पत्र हा एक विशिष्ट लेखनप्रकार आहे. त्याचे स्वतःचे संकेत आहेत. वडीलधाऱ्यांना लिहिताना जे झाकायचे, ते येथे उघड करायचे. जे उघड करायचे, ते कोणास सांगू नकोस असे बजावून करायचे. मन मोकळे करताना शब्द थोडे गडद वापरायचे. हे त्या प्रकाराचे गुण आहेत. त्यांवरून लेखिकेच्या कायमच्या मनोवृत्तीचे अनुमान काढणे धोक्याचे. एकाच व्यक्तीची आईवडिलांना, बहिणीला आणि पतीला लिहिलेली पत्रे शेजारी ठेवली, तर तीन निराळ्या व्यक्ती बोलत आहेत असे वाटेल. आणखी एक अडचण अशी की, सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी. देशी भाषेतील घरगुती मजकूर तेथे अनुवादातून जातो, आणि ‘जीव नकोसा झाला’ यासारखे रोजच्या बोलण्यातले वाक्य अनुवादात आत्मघाताचा संकल्प वाटू शकते. आरोपी सुटला हे योग्य झाले. पण त्यासाठी मृतेच्या स्वभावाला साक्षीस बोलावण्याची आवश्यकता नव्हती. तिला उलटतपासणीचे उत्तर देण्याची संधी नव्हती.

अशा वाचनाला शास्त्राची जोड देण्याचा एक प्रारंभिक प्रयत्न इंग्लंडमधील प्रकरणासंबंधी झाला. टिमथी एव्हान्स याच्यावर पत्नी व लहान मुलगी यांच्या हत्येचा आरोप होता; मुलीच्या खुनाबद्दल त्याला १९५० मध्ये फाशी झाली. १९५३ मध्ये त्याच घरात राहणाऱ्या जॉन ख्रिस्ती याने एव्हान्सच्या पत्नीच्या खुनाची कबुली दिली, आणि १९६६ मध्ये एव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. १९६८ मध्ये स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टव्हिक यांनी एव्हान्सच्या पोलिसांपुढील जबान्यांचे वाक्यरचनेच्या अंगाने विश्लेषण केले. त्यांतील गुन्हा शाबीत करणाऱ्या भागांची रचना उरलेल्या मजकुराशी जुळत नाही, असे त्यांनी दाखविले. मोजता येतील अशा वाक्यांशांवर त्यांनी आपले विधान उभे केले; एव्हान्सच्या स्वभावाविषयी अनुमान केले नाही. ही मर्यादा हेच त्या पद्धतीचे बळ होय.

५

जुन्या खुनाचा छडा लावताना पत्राचा उपयोग कसा व्हावा, याचे उत्तर या परीक्षणातून मिळते. पत्र हाती येताच प्रथम विचारावयाचे प्रश्न हे: ते कोणाच्या हातचे, केव्हाचे, कोणाला उद्देशून, कोणत्या संकेताने बांधलेले, आणि लिहिताना लेखकास काय ठाऊक होते? मजकुराच्या सत्यासत्यतेचा प्रश्न त्यानंतरचा. राठोडीची पत्रे या प्रश्नांना टिकली नाहीत, म्हणून खोट्या पत्रांतून खरा गुन्हा बाहेर आला. १९८२ ची पत्रे या प्रश्नांना पुरती टिकली, आणि तरीही त्यांनी एका दुःखाहून अधिक काही सिद्ध केले नाही.

लक्ष्मीबाई कर्वे यांच्या तोंडी त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने शब्द घातले. त्या दुसऱ्या तरुणीचे शब्द तिचे स्वतःचेच होते. त्यांत अर्थ मात्र इतरांनी आपापल्या गरजेप्रमाणे घातले, काहींनी तिच्या पतीला दोषी ठरविण्यासाठी, काहींनी सोडविण्यासाठी. पहिल्या अपराधाला दंडविधानात शिक्षा आहे. दुसऱ्याला नाही; त्याला आळा घालणे हे वाचनाच्या शिस्तीचे, म्हणजेच भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे.